वाचक विचारतात : ऑक्सफर्डची ती इमारत, तिचे खांब आणि वाकलेलं लोखंड

गेल्या अंकात ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे दोन फोटो छापले होते, एक बाहेरून काढलेला आणि एक आतल्या काचेच्या छपराचा, आणि खाली जेमतेम चार ओळी माहिती. त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. ज्यांनी तो अंक बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ही इमारत १८५५ ते १८६० या काळात बांधली, डब्लिनच्या डीन अँड वुडवर्ड या फर्मनं. नावात आज म्युझियम असलं तरी तेव्हा तो नुसता संग्रह ठेवायचा बेत नव्हता, युनिव्हर्सिटीतलं सगळं सायन्स, म्हणजे केमिस्ट्री, फिजिक्स, भूगर्भ, प्राणी, शरीररचना, अगदी खगोल आणि भूमितीसुद्धा एका छपराखाली आणायचं होतं. त्याआधी कोणी इकडे शिकवतोय, कोणाचे हाडांचे सांगाडे तिकडे पडलेत, असं चाललं होतं.

सोलापूरहून एक वाचक: मॅडम, फोटो बघून मला आधी चर्चच वाटलं. टोकदार कमानी, उतरतं छप्पर, मधे टॉवर. सायन्स शिकवायला चर्चसारखी बिल्डिंग कशाला? की तेव्हा त्यांना दुसरं काही बांधताच येत नव्हतं?

येत होतं की. १८५४ ला स्पर्धा ठेवली होती, नावं झाकून, प्रत्येकानं आपल्या नकाशांवर एक ब्रीदवाक्य लिहायचं. शेवटी दोनच डिझाइनं उरली. एक ई. एम. बॅरीचं, इटालियन थाटाचं, सरळ रेषेत खिडक्या, सगळं कसं मापात. दुसरं डीन-वुडवर्डचं गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन चर्चच्या धाटणीचं, आणि त्यावरचं ब्रीदवाक्य बायबलातल्या स्तोत्राचं होतं, देवानं घर बांधलं नाही तर बांधणाऱ्यांचे कष्ट फुकट अशा अर्थाचं. गॉथिकच पास झालं. तेव्हा तुम्हाला चर्च आठवलं यात तुमचं काही चुकलं नाही, बांधणाऱ्यांच्या डोक्यातही ते होतंच. हेन्री अॅक्लंड नावाचा डॉक्टर या सगळ्याच्या मागे लागला होता, तो मेडिसिनचा प्राध्यापक, आणि त्याचं म्हणणं असं की निसर्ग शिकणं म्हणजे देवाचंच दुसरं पुस्तक वाचणं. मुख्य दाराच्या कमानीवर बघा, एक देवदूत कोरलाय, त्याच्या एका हातात उघडं पुस्तक आणि दुसऱ्या हातात चक्क जीवपेशी. म्हणजे मायक्रोस्कोपखाली जे नुकतं नुकतं दिसायला लागलं होतं ते यांनी सरळ दारावर चढवलं.

पण याला एक व्यवहारी कारणही होतं आणि मला ते जास्त पटतं. क्लासिकल, म्हणजे ग्रीक-रोमन धाटणीच्या, इमारतीत डावीकडे पाच खिडक्या तर उजवीकडेही पाचच लागतात, एक जास्त झाली की सगळं बिघडतं. गॉथिकला तशी अडचण नाही, खोली मोठी हवी तर मोठी करा, खिडकी हवी तिथे काढा, मागे शेड लावायचीय तर लावा, कोणी नावं ठेवत नाही. जॉन रस्किन, म्हणजे त्या काळचा नामांकित कलासमीक्षक आणि अॅक्लंडचा मित्र, तो हेच सांगत होता. आणि सायन्सच्या इमारतीला उद्या काय लागेल हे बांधताना कोणालाच माहीत नसतं ना. केमिस्ट्रीचंच घ्या, वास येणार, धूर होणार, एखादवेळी स्फोटही होणार, म्हणून ती लॅब मुख्य इमारतीच्या बाजूला वेगळी काढली, आणि तिला रूप दिलं ग्लास्टनबरीच्या मठातल्या जुन्या मुदपाकखान्याचं. चौदाव्या शतकातलं ते स्वयंपाकघर, निमुळतं छप्पर आणि धुरांडी. धूर बाहेर काढायची सोय आयतीच, आणि बाकीच्या इमारतीला शोभतंही. क्लासिकल दर्शनी भिंतीला असं स्वयंपाकघर चिकटवून दाखवा बघू.

आतला प्लॅन तर आपल्या माणसाला लगेच कळतो. मधे मोठा चौक, चारी बाजूंनी ओवऱ्या, वर परत ओवऱ्या, आणि ओवऱ्यांच्या मागे खोल्या, आपला चौसोपी वाडाच म्हणा, फक्त चौकावर काच घातलेली. प्रत्येक विषयाच्या खोल्या बाजूला आणि सगळ्यांचे नमुने मधे चौकात, म्हणजे प्राणीवाल्याला आपल्या खोलीतून बाहेर पडायचं तर भूगर्भवाल्याच्या दगडांसमोरून जावंच लागणार.

पुण्याहून एक विद्यार्थिनी: मी आर्किटेक्चरच्या थर्ड इयरला आहे. आमचे हिस्टरीचे सर म्हणाले की या बिल्डिंगचं लोखंडी छप्पर एकदा पडलं होतं. नेटवर कुठे पडलं म्हणतात, कुठे काढून टाकलं म्हणतात. नक्की काय झालं? आणि गॉथिकमधे लोखंड हे रस्किनच्या विचारांच्या उलट नाही का?

पडलं नाही गं, पडायच्या आधी उतरवलं. झालं असं की चौकावर काचेचं छप्पर घालायचं तर ते पेलणार कोण. १८५१ ला लंडनमधे क्रिस्टल पॅलेस झालेला, मोठमोठी रेल्वे स्टेशनं लोखंड आणि काचेत उभी राहत होती, तेव्हा मटेरियल ठरल्यासारखंच होतं. पण यांना स्टेशन नको होतं, लोखंडातलं गॉथिक हवं होतं. ते काम दिलं कॉव्हेंट्रीच्या फ्रान्सिस स्किडमोरला. हा माणूस मुळात चर्चचं धातुकाम करणारा, जाळ्या, दिवे, पडदे, हात अतिशय सुंदर. त्यानं पहिल्यांदा सगळा सांगाडा घडीव लोखंडात केला, कारण ते ठोकून वळवता येतं, पानं-फुलं काढता येतात. खांब नाजूक, उंच, बघायला देखणे. आणि छपराचं वजन यायला लागल्यावर ते वाकायला लागले.

तू थर्ड इयरला आहेस म्हणजे बकलिंग शिकलीच असशील. खांब चिरडून मोडत नाही, बाजूला फुगतो. ऑयलर या गणितज्ञानं अठराव्या शतकातच गणित मांडून ठेवलंय, तोच आडवा छेद ठेवून खांबाची उंची दुप्पट केली तर तो पेलू शकेल ते वजन अर्धं होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येतं. आता चर्चमधला दगडी खांब कितीही बारीक दिसला तरी तो चांगला जाड असतो, त्याच्या आजूबाजूला भिंती असतात, टेकू असतात. तेच प्रमाण लोखंडात उतरवायचं, आणखी बारीक करायचं, वर काचेचं ओझं द्यायचं, तर हे होणारच होतं. शेवटी तो सांगाडा उतरवला आणि नव्यानं डिझाइन केलं, या वेळी भार घेणारे खांब ओतीव लोखंडाचे, म्हणजे बिडाचे, आणि चांगले जाडजूड. घडीव लोखंड फक्त नक्षीला ठेवलं. आज आपण बघतो तो हा दुसरा अवतार. खर्च अर्थातच वाढला, आणि तो वाढलेला खर्च पुढे कोरीवकामाच्या मुळावर आला, ते खाली सांगतेच.

एक गोष्ट मात्र तुझ्या सरांना विचार. त्या बिडाच्या खांबांवर कमानी सुटतात तिथे जी तिकोनी जागा राहते ना, तिच्यात स्किडमोरनं घडीव लोखंडाची पानं भरलीत, चेस्टनटची, सिकॅमोरची, पामची, म्हणजे खांब हे खोड आणि वर फांद्या फुटल्यात असं. लांबून ती नुसती जाळी वाटते. जवळून झाड ओळखता येतं, पानाचे दाते, शिरा सगळं आहे. भार एका लोखंडानं घ्यायचा आणि दिसायचं काम दुसऱ्या लोखंडानं करायचं ही वाटणी त्यांना फजितीतून सुचली, पण सुचली ते बरंच झालं.

रस्किनबद्दल तुझं बरोबर आहे. त्याला लोखंड आवडतच नसे, खरी वास्तुकला दगड, लाकूड, मातीची असं त्याचं मत १८४९ पासून छापून आलेलं. इथे मित्रासाठी त्यानं जुळवून घेतलं, खिडक्यांसाठी स्केचेस दिली, पैसे दिले, आणि असं सांगतात की विटांचा एक खांब स्वतःच्या हातानं रचला जो गवंड्याला नंतर पाडून परत बांधावा लागला. इमारत पूर्ण झाली तेव्हा तो फारसा खूश नव्हता. आणि तरी आज कुठल्याही पुस्तकात या इमारतीपुढे पहिलं नाव त्याचंच येतं, याचा मला थोडा रागच येतो. आर्किटेक्ट बेंजामिन वुडवर्ड, त्याचं नाव कोणी घेत नाही. तो आजारीच असायचा आणि इमारत उघडल्यावर वर्षभरात, १८६१ ला गेला.

कोल्हापूरहून एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक: फोटोत ओवरीतले खांब वेगवेगळ्या रंगांचे दिसतात. ती सजावट आहे की त्यामागे काही योजना?

सर, तुम्ही नेमकं विचारलंत, मला तर ही सगळी इमारत त्या खांबांसाठीच आवडते. चौकाभोवतीच्या वरखालच्या ओवऱ्यांत १२६ खांब आहेत आणि प्रत्येक खांब वेगळ्या दगडाचा. अॅबर्डीनचा ग्रॅनाइट, कॉर्नवॉलचा हिरवट-लाल सर्पेंटाइन, आयर्लंडमधला कॉनेमाराचा हिरवा मार्बल, असे त्या बेटांवरच्या खाणीखाणींतून आणलेले, घासून पॉलिश केलेले. खांबाच्या बुडाशी दगडाचं नाव आणि गाव. पोरांनी हात लावून बघायचा, नाव वाचायचं, पुढच्या खांबाकडे जायचं. दगड कुठले आणि कुठला कुठे उभा करायचा हे ठरवलं जॉन फिलिप्सनं, तो भूगर्भाचा प्राध्यापक आणि या म्युझियमचा पहिला कीपर, म्हणजे प्रमुख.

हा फिलिप्स माणूस भारी आहे. लहानपणीच आईबाप गेले आणि त्याला सांभाळलं मामानं, आणि मामा कोण तर विल्यम स्मिथ, ज्यानं १८१५ ला इंग्लंड-वेल्सचा भूगर्भाचा नकाशा एकट्यानं पायपीट करून काढला आणि पुढे कर्जात बुडून तुरुंगात गेला तो. भाचा मामाबरोबर हिंडत हिंडत दगड शिकला, कॉलेजची डिग्री अशी नव्हतीच. आणि मग ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी प्राध्यापक होऊन त्यानं मामाचा नकाशा, माझ्या मते, खांबांच्या रूपानं उभा केला. हे असं तो कुठे म्हणालेला नाही, मला वाटतं ते सांगतेय.

आता खांबाच्या माथ्याकडे या. तिथेही योजना आहे. प्रत्येक माथ्यावर वनस्पतींचा एकेक गट घेतलाय, कुठे नेच्यांचा, कुठे लिलीच्या कुळातला, आणि कोरलंय ते कल्पनेतून काढलेली वेलबुट्टी म्हणून नाही. रोज सकाळी बोटॅनिक गार्डनमधून ताज्या फांद्या यायच्या, पाथरवट त्या समोर ठेवून छिन्नी चालवायचे. त्यामुळे पान कसं दुमडतं, देठ कुठून फुटतो, कळी पानाच्या बगलेतून कशी वर येते, हे सगळं दगडात बरोबर उतरलंय. तुम्ही वर्गात हर्बेरियमची पुठ्ठ्यावर चिकटवलेली वाळकी पानं दाखवली असतील, इथे ती न वाळणारी आहेत.

सगळे माथे तेव्हा झाले नाहीत. पैसे संपले, काम थांबलं, आणि राहिलेले माथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्यांनी पुरे केले. बारकाईनं पाहिलं तर फरक कळतो, आधीची पानं जरा बेशिस्त, एकमेकांवर चढलेली, नंतरची शहाण्यासारखी आपापल्या जागी बसलेली. मला बेशिस्त आवडतात.

नागपूरहून एक वाचक: पाथरवटांनी माकडं कोरली म्हणून त्यांना हाकलून दिलं, असं एका व्हिडिओत ऐकलं. खरं का हो?

अर्धं. पाथरवट म्हणजे आयर्लंडमधल्या कॉर्ककडचे जेम्स आणि जॉन ओ'शे हे भाऊ आणि त्यांचा भाचा एडवर्ड व्हेलन, यांना वुडवर्डनंच डब्लिनहून आणलं होतं. रस्किनचा आग्रह असा की कारागिराला आर्किटेक्टनं काढून दिलेला नमुना गिरवायला लावू नका, त्याला मोकळं सोडा. यांना मोकळं सोडलं आणि यांनी मोकळीक पुरेपूर वापरली. पुढचा किस्सा अॅक्लंडनंच नंतर सांगितलेला, मीठमसाला त्यानं किती घातला ते त्यालाच ठाऊक. जेम्स ओ'शे खिडकीभोवती माकडं कोरत होता, युनिव्हर्सिटीच्या कोणा वरिष्ठाला ते खटकलं, बंद कर म्हणाला. दुसऱ्या दिवशी अॅक्लंड बघतो तर माकडांची मांजरं झालेली. शेवटी त्याला कामावरून काढलं तेव्हा तो शिडीवर चढून दारातल्या दगडावर दणादण पोपट आणि घुबडं ठोकत सुटला होता, आणि विचारल्यावर म्हणाला की ही युनिव्हर्सिटीच्या सभेतली सभासद मंडळी आहेत. मग अॅक्लंडनं त्याच्याकडूनच त्यांची डोकी उडवून घेतली. दारातून आत शिरताना तो भाग अजून तसाच बिनडोक्याचा दिसतो, आणि समोरच्या भिंतीवर एका खिडकीला मांजरं आहेत.

काम गेलं त्याचं मोठं कारण मात्र माकडं नव्हती, पैसे होते. छपराचं दोनदा करावं लागलं, कोरीवकाम वर्गणीवर चाललेलं आणि वर्गणी आटली. दर्शनी भिंतीवरच्या बऱ्याच खिडक्यांच्या कडेचे दगड कोरायला म्हणून पुढे काढून ठेवलेत ते आजही ठोकळेच्या ठोकळे आहेत. फोटोत झूम करून बघा, एक खिडकी पानाफुलांनी भरलेली आणि शेजारची कोरी.

नाशिकहून एक वाचक: डार्विनवरून बिशप आणि हक्सलीचं जे भांडण झालं ते याच इमारतीत ना? ती खोली बघता येते का?

याच इमारतीत, ३० जून १८६० ला, डार्विनचं पुस्तक निघून सात महिने झाले होते आणि इमारतीचं काम अजून पुरतं संपलंही नव्हतं. दर्शनी बाजूला वरच्या मजल्यावर लायब्ररीसाठी मोठी खोली होती तिथे गर्दी कोंबून बसली. बिशप विल्बरफोर्स डार्विनच्या विरोधात बोलला, प्राणिशास्त्रज्ञ हक्सली डार्विनच्या बाजूनं बोलला, वनस्पतीवाला हूकर बोलला, आणि डार्विन ज्यातून जगभर फिरला त्या बीगल जहाजाचा कप्तान फिट्झरॉय बायबल हातात धरून उभा राहिला. शब्दशः नोंद कोणी केली नाही, त्यामुळे बिशपनं हक्सलीला माकडाशी नातं आजोबांकडून की आजीकडून असं विचारलं हे जे सगळे सांगतात ते आठवणींवर चाललंय. खोली आज तशी उरलेली नाही, मधे मजला घालून ती विभागलीय. मात्र चौकात १८९९ ला डार्विनचा पुतळा बसवला, तो न्यूटन, गॅलिलिओ, वनस्पती-प्राण्यांचं वर्गीकरण करणारा लिनियस अशा मंडळींच्या रांगेत. देवाचं दुसरं पुस्तक वाचायला म्हणून बांधलेल्या चौकात हा पुतळा उभा राहिला, चाळीस वर्षांच्या आत.

छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक: हे सगळं कौतुक ठीकय, पण १८५५-६० म्हणजे आपल्याकडे १८५७ चालू होतं. ही बिल्डिंग आपल्याच पैशातून झाली असणार, ते का नाही लिहीत?

लिहिते की. मूळ बांधकामाला साधारण ३० हजार पौंड मंजूर झाले ते युनिव्हर्सिटी प्रेसच्या शिलकेतून, आणि ती शिल्लक मुख्यतः बायबल छापून विकून झालेली. पुतळे देणगीचे, त्यातले पाच व्हिक्टोरिया राणीनं दिले. तेव्हा या इमारतीपुरतं हिशेबात आपलं नाव सरळ येत नाही. पण तिच्या मागच्या भिंतीतल्या दारातून पुढे गेलात की पिट रिव्हर्स म्युझियम लागतं, १८८० च्या दशकात जोडलेलं, जगभरातल्या लोकांच्या वस्तूंनी खच्चून भरलेलं. तिथे तुमचा प्रश्न अगदी बरोबर लागू पडतो, कुठली वस्तू कशी आली हे आता त्यांचं म्युझियमही स्वतःला विचारतंय आणि काही वस्तू, विशेषतः माणसांचे अवशेष, त्यांनी मांडणीतून काढलेत.

दादरहून एक वाचक: मुंबईत याच्यासारखं काही आहे का? आमच्या हिनं इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून एम.एस्सी. केलंय, ती म्हणते आमची बिल्डिंग काही कमी नाही.

वहिनींना सांगा अजिबात कमी नाही, फक्त जात वेगळी. ऑक्सफर्डच्या जातीचं बघायचं तर आधी सीएसएमटीला जा, आणि लोकल पकडायची घाई नसताना जा. १८७८ ते १८८८ चं ते काम, डिझाइन एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं, पण दगडावरचा मोर, माकडं, पानं, वेली हे जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या पोरांच्या हातचं. जे.जे.मधे १८६५ ला लॉकवूड किपलिंग शिकवायला आला, तो त्याच पिढीचा आणि त्याच विचारांचा, नमुना गिरवू नका, समोरचं झाड-जनावर बघून कोरा. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्याचीच. म्हणजे ऑक्सफर्डमधे आयरिश पाथरवट बागेतली फांदी समोर ठेवून बसले आणि काही वर्षांनी बोरीबंदरला आपली पोरं आपल्या मुलखातली पानं घेऊन बसली. गंमत म्हणजे फोर्टमधली युनिव्हर्सिटीची लायब्ररी आणि राजाबाई टॉवर ज्यानं काढला तो गिल्बर्ट स्कॉट कधी मुंबईत आलाच नाही, लंडनहून नकाशे पाठवले.

इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, म्हणजे तेव्हाची रॉयल इन्स्टिट्यूट, हिची पायाभरणी १९११ ची आणि उद्घाटन १९२० चं. आर्किटेक्ट जॉर्ज विटेट, गेटवे ऑफ इंडिया आणि समोरचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम करणारा. साठ वर्षांत सायन्सची इमारत कशी असावी याची कल्पनाच बदललेली दिसते. टोकदार कमानी गेल्या, रेनेसाँ पद्धतीचा भारदस्त घाट आला, खांबांच्या रांगा, बाल्कन्या, घुमट, आणि खरोडीचा पिवळसर दगड जो दुपारच्या उन्हात छान उजळतो. इथे भिंती काही शिकवत नाहीत, शिकवणं खोल्यांच्या आत. पैसा मात्र मुंबईकरांचा, कावसजी जहांगीर, जेकब ससून, करीमभाई इब्राहिम, वसनजी मुळजी, म्हणजे पारशी, ज्यू, मुसलमान आणि हिंदू असे चौघं दाते. कावसजी जहांगीर हॉल त्यातलाच, जिथे सभा आणि मैफली व्हायच्या, तिथे १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. होमी भाभा इथे शिकले. आणि कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची बहीण, ज्यांना बंगलोरला रामननी बाई म्हणून आधी नाकारलं होतं, त्यांनी केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आल्यावर नीरेवरचं काम इथेच केलं आणि पुढे त्या इथल्या डायरेक्टर झाल्या. वहिनींना हे माहीत असणारच.

आता तुलनाच करायची तर मला ऑक्सफर्डची जास्त आवडते, कारण तिथे वाट चुकलेला विद्यार्थीसुद्धा खांबाला टेकून उभा राहिला तर एक दगड आणि एक वनस्पती शिकून जातो. विटेटची इमारत मात्र जास्त शहाणी, गळत कमी असणार. काचेचं छप्पर दिसायला सुंदर आणि सांभाळायला डोकेदुखी, ऑक्सफर्डवाल्यांनी गळती थांबवायला २०१३ चं अख्खं वर्ष म्युझियम बंद ठेवलं आणि साडेआठ हजारांच्या आसपास काचा एकेक करून साफ केल्या.

ठाण्याहून एक आजी: माझी नात ऑक्सफर्डला शिकते, उन्हाळ्यात मी जाणार आहे. गुडघे दुखतात, जास्त फिरवत नाही. अर्ध्या दिवसात काय काय बघू?

आजी, प्रवेश फुकट आहे त्यामुळे दमलात तर बाहेर येऊन परत जा, कोणी काही म्हणत नाही. पार्क्स रोडवर आहे, नातीला सांगा बसनं किंवा टॅक्सीनं दारात उतरव. आधी बाहेर उभ्या राहून खिडक्या बघा, कुठली कोरलेली कुठली कोरी, आणि दारावरचा देवदूत. आत शिरताना मुंडकी उडवलेले पोपट-घुबडं राहतील बघायचे, नातीला आठवण करायला सांगा. चौकात सगळे डायनोसॉरच्या सांगाड्यांकडे धावतात, शाळेच्या सहली असतात, गोंगाट असतो, तुम्ही सरळ ओवरीत जा. खालच्याच ओवरीतले खांब एकेक बघा, वर चढायची गरज नाही, चांगलं कोरीवकाम खालीच जास्त आहे. खांबाच्या बुडाशी वाकून नाव वाचायचं काम नातीचं, माथ्यावरचं पान ओळखायचं तुमचं. लिनियसचा पुतळा शोधा, लॅपलँडच्या फरच्या कपड्यांत आहे, इतर सगळ्यांत वेगळा दिसतो. डोडो पक्ष्याची पेटी आहे, डोडोची कातडी आणि मांस जगात कुठे उरलंय तर ते फक्त या म्युझियमकडे. पिट रिव्हर्स आत बराच अंधार आणि दाटीवाटी आहे, गुडघे बोलायला लागले असतील तर तो दुसऱ्या दिवसावर ठेवा. आणि उन्हाळ्यात जाताय तर टॉवरकडेही बघा, तिथे हवेच्या झरोक्यांत पाकोळ्या घरटी करतात आणि १९४० च्या दशकापासून त्यांचा अभ्यास चालू आहे, आपल्या देवळांच्या शिखरांभोवती फिरतात त्यांच्याच नात्यातल्या. जुलैअखेरीनंतर त्या आफ्रिकेला जायला लागतात, तेव्हा जूनचं तिकीट मिळालं तर बघा.